कॅरोलिन फॉक्सबाईंची रोजनिशी

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी कोरी वही आणून तीत रोजनिशी लिहावयास प्रारंभ करणारे विद्यार्थी आमच्या शाळेत पुष्कळ आहेत. पहिले पान सुवाच्य अक्षरात, दुसरे थोड्या घाईत, आणि फेब्रुवारी उजाडला म्हणजे पुढील सर्व पाने कोरीच, असा त्या वह्यांचा इतिहास बहुधा असतो. हा इतिहास आम्हांस चांगला ठाऊक आहे, कारण आमच्याही वह्यांचा तोच होता. म्हणून वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आतच रोजनिशी हाती घेऊन ती वर्षानुवर्षे चालविणाऱ्या एका बाईंचे चरित्र ह्या अंकात आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

ह्या बाईंचे नाव कॅरोलिन फॉक्स. त्या मोठ्या श्रीमंतांच्या घरी जन्मल्या. द्रव्यासाठी त्यांना लिहावयाचे नव्हते व कीर्तीसाठीही त्यांनी लिहिले नाही. आपल्या लिखाणाचे पुस्तक होईल अशी आकांक्षा त्यांनी कधी बाळगली नाही आणि हयातीत स्वतःस लेखिका म्हणवून घेतले नाही. असे असूनही एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात जे थोर विचारवंत होऊन गेले, ते घरी, फिरावयास निघाले असता, चहाच्या वेळी कसे बोलत, हे ज्यास जाणावयाचे असेल त्यास आजही ह्या बाईंच्या वह्यांकडे वळावे लागते. हे कसे घडले ते आता पाहू.

इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तीन बाजूंस समुद्र, किनाऱ्यावर कोळ्यांची गावे, आणि पोटात कथील व तांबे ह्यांच्या खोल खाणी, असा तो मुलूख. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर फॉल्मथ हे बंदर आहे. १६८८ पासून १८५० पर्यंत इंग्लंडची परदेशची टपाल नेणारी जहाजे ह्याच बंदरातून सुटत. म्हणून गाव लहान असले तरी जगाच्या बातम्या तेथे लंडनच्याही आधी येत. ह्या फॉल्मथ बंदरी १८१९ सालच्या मे महिन्याच्या २४ तारखेस कॅरोलिनचा जन्म झाला. अ‍ॅना मराया ही तिची वडील बहीण आणि बार्क्ले हा मधला भाऊ. ही तीन भावंडे जन्मभर एकमेकांस धरून राहिली.

फॉक्स घराण्याचा मुख्य धंदा जहाजांच्या आडतीचा होता. त्याखेरीज पेरन येथील लोखंडाच्या कारखान्यात व खाणींतही त्यांचे द्रव्य गुंतले होते. आईचे माहेर बार्क्ले घराणे. तेही संपन्नतेविषयी प्रसिद्ध. पण ह्या दोन्ही घराण्यांची श्रीमंती ज्या रीतीची होती ती समजण्यास त्यांच्या पंथाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे.

ही दोन्ही घराणी क्वेकर पंथाची. सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेल्या ह्या ख्रिस्ती पंथाचे लोक स्वतःस नुसते मित्र असे म्हणवितात. शपथ घ्यावयाची नाही, कारण खरे बोलणाऱ्यास शपथेची गरज नाही. शस्त्र धरावयाचे नाही. राजा असो वा चाकर, सर्वांस एकाच साध्या संबोधनाने हाक मारावयाची. पोषाख साधा, रंग फिके, डामडौल वर्ज्य. शपथ न घेतल्यामुळे सरकारी अधिकाराची द्वारे व जुनी विद्यापीठे त्यांस फार काळ बंद होती. तेव्हा हे लोक व्यापाराकडे वळले. मालाचा भाव एकच सांगावयाचा व घासाघीस करावयाची नाही, ही त्यांची रीत. तिच्यामुळे गिऱ्हाइकांचा विश्वास बसला आणि विश्वासामागून लक्ष्मी आली. आमच्या बालवाचकांस प्रिय असलेल्या चॉकोलेटच्या वड्यांवर कॅडबरी, फ्राय वगैरे जी नावे त्यांनी वाचली असतील, ती मुळात क्वेकर घराण्यांचीच आहेत.

ह्या पंथाची आणखी एक रीत आमच्या कथेस फार महत्त्वाची आहे. त्यांच्या उपासनेत त्या काळी पाद्री नसे, वेदी नसे, गायनही नसे. सर्व मंडळी स्तब्ध बसत. ज्यास अंतःकरणातून प्रेरणा होई तो, मग तो पुरुष असो वा स्त्री, उठून थोडे शब्द बोले व पुन्हा खाली बसे. कोणासही प्रेरणा झाली नाही तर सर्व वेळ शांततेतच जाई. लहान मुलांस हे किती जड जात असेल ते आमचे विद्यार्थी सहज जाणतील! पण जिला असे गप्प बसून ऐकण्याचे वळण बाळपणापासून लागले, तिचे कान पुढे किती तीक्ष्ण झाले हे आपणांस दिसेलच.

कॅरोलिनचे वडील रॉबर्ट वेअर फॉक्स हे व्यापारी असून मोठे विज्ञानवेत्तेही होते. खाणीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढत जाते, हे त्यांनी कॉर्नवॉलच्या खाणींत प्रयोग करून दाखविले. चुंबकाची सूई क्षितिजाखाली किती झुकते हे मोजण्याचे एक सुधारलेले यंत्र त्यांनी बनविले, आणि जेम्स रॉस ह्यांच्या दक्षिण ध्रुवाकडील १८३९ ते १८४३ च्या सफरीत ते उपयोगी पडले. १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. घराभोवती त्यांनी दूरदूरच्या देशांतील शेकडो झाडे लाविली होती. इंग्लंडच्या त्या थंड हवेत त्यांच्या बागेत नारिंगे व लिंबे उघड्यावर पिकत असत. घरी येणारा पाहुणा प्रथम बाग पाही, मग यंत्रे पाही, आणि मग चहा घेता घेता बोलू लागे. ह्या बोलण्याच्या वेळी एक मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत असे.

मुलींना ह्या घरी नुसते शोभेपुरते वाढविले नाही, ह्याचा एक पुरावा येथे सांगितला पाहिजे. पेरनच्या कारखान्यातील कामगार आपापल्या बुद्धीने लहानमोठ्या युक्त्या काढीत व त्यांचे नमुने बनवून आणीत. हे नमुने लोकांपुढे मांडले जावेत, चांगल्या युक्तीस बक्षीस मिळावे आणि गरीब कारागिरास उत्तेजन यावे, अशी कल्पना अ‍ॅना मराया व कॅरोलिन ह्या दोघी बहिणींस सुचली. त्या वेळी एक सतरा वर्षांची व दुसरी अवघी चौदा वर्षांची होती. घरच्या वडील मंडळींनी ती कल्पना हसण्यावारी नेली नाही, आणि १८३३ मध्ये फॉल्मथ येथे कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटी स्थापन झाली. दोनच वर्षांनी राजा चौथा विल्यम ह्याने तिला आपला आश्रय दिला. आज पॉलिटेक्निक हा शब्द आपल्या गावोगावी ऐकू येतो; इंग्लंडात त्याचा प्रसार ज्या आरंभीच्या संस्थांनी केला त्यांत ह्या दोन मुलींच्या संस्थेची गणना होते.

ह्या संस्थेने केलेले एक काम तर विसरण्याजोगे नाही. कॉर्नवॉलच्या खाणी शेकडो पुरुष खोल गेल्या होत्या. दिवसभर कुदळ चालवून थकलेला खाणकरी संध्याकाळी उभ्या शिड्यांवरून तास तासभर चढत वर येई. ह्या चढणीने छातीवर ताण पडून तरुण माणसे अकाली खंगत. संस्थेने १८३४ मध्ये ह्यावर उपाय काढणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. त्या खटपटीचे फळ म्हणून १८४२ मध्ये ट्रेसाव्हीअन नावाच्या खाणीत माणसे वर आणणारे यंत्र बसले. दोन लांब दांडे. त्यांवर ठरावीक अंतरावर पाय ठेवण्याच्या फळ्या. एक दांडा वर जाई तेव्हा दुसरा खाली येई. मनुष्याने एकावरून दुसऱ्यावर पाऊल टाकीत राहावे, म्हणजे शिडी न चढता तो वर पोहोचे. श्रीमंतांच्या घरचे ऐश्वर्य ज्या खाणींतून येत होते, त्याच खाणींतील मजुरांच्या छातीवरचा थोडा भार ह्या रीतीने हलका झाला. सर्व झाला असे नाही; पण जो झाला त्याचा आरंभ दोन मुलींच्या एका विचारात होता.

१८३५ पासून कॅरोलिनची रोजनिशी सुरू होते. १८३६ च्या ऑक्टोबर महिन्यातील एक प्रसंग पाहा. पाच वर्षे पृथ्वीप्रदक्षिणा करून बीगल नावाचे जहाज २ तारखेस फॉल्मथ बंदरात आले. त्यावर चार्ल्स डार्विन हा तरुण होता. तो त्याच रात्री टपालाच्या गाडीने आपल्या घरी निघून गेला. परंतु जहाजाचा कप्तान फिट्झरॉय हा दुसऱ्या दिवशी फॉक्स ह्यांच्या घरी चहास आला. प्रवासात चुंबकाच्या यंत्रांचा कसा उपयोग झाला, कोणकोणते लोक पाहिले, बरोबरचा निसर्गाभ्यासी तरुण कसा होता, हे सर्व त्याने सांगितले, आणि सतरा वर्षांच्या मुलीने ते आपल्या वहीत उतरून ठेविले. ह्या तरुणाचे नाव पुढे साऱ्या जगात गाजणार आहे हे त्या दिवशी त्या घरी कोणास ठाऊक होते? तिने मोठ्या नावाकडे पाहून लिहिले नाही. जे ऐकण्यासारखे वाटले ते लिहिले.

१८४० हे साल कॅरोलिनबाईंच्या आयुष्यात सर्वांत भरलेले होय. फॉल्मथची हवा सौम्य असल्यामुळे क्षयाचे रोगी तेथे येत; कित्येक तेथून जहाजाने मदिरा बेटास जात. ह्या वर्षाच्या आरंभी जॉन स्टर्लिंग हा लेखक असाच मदिरेस जाण्यासाठी आला. वारा प्रतिकूल म्हणून जहाज खोळंबले, आणि तो फॉल्मथ येथेच राहिला. त्याच सुमारास सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ह्याचा धाकटा भाऊ हेन्री हाही त्याच रोगाने ग्रस्त होऊन आई व बहिणींसह तेथे आला होता. भावाच्या शुश्रूषेसाठी मिलही येऊन पोहोचला. फॉक्स कुटुंबाने ह्या परक्या, दुःखी मंडळीस आपली म्हणून जवळ केले. एप्रिलच्या ४ तारखेस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हेन्री मरण पावला.

मिल हे नाव महाराष्ट्रास परके नाही. तो लंडन येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षे नोकरीस होता, व ह्या काळात आपल्या देशातील संस्थानांसंबंधीचा पत्रव्यवहार त्याच्याकडे असे. पुढे त्याच्या ग्रंथांनी गोपाळ गणेश आगरकरांसारख्या आपल्या सुधारकांच्या विचारांस बळ दिले. बापाने त्यास तिसऱ्या वर्षीच ग्रीक भाषा शिकविण्यास आरंभ केला होता. तेव्हा हा मनुष्य म्हणजे केवळ तर्काचे यंत्र, अशी पुष्कळांची समजूत होती. कॅरोलिनबाईंच्या रोजनिशीत मात्र निराळाच मिल दिसतो. मरणोन्मुख भावाच्या उशाशी बसणारा, समुद्रकाठच्या खडकांवरून फिरताना हळू आवाजात आयुष्याच्या हेतूविषयी बोलणारा, आणि फुलांवर जीव टाकणारा! त्याच वसंतात त्याने कॅरोलिनबाईंस एक अपूर्व भेट दिली. वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोणत्या फुलांचा वास दरवळतो ह्याची त्याने एक यादी करून दिली. आपण तिला सुगंधांचे पंचांग म्हणू. तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिण्यात गुंतलेल्या तत्त्वज्ञाने एका तरुण मुलीसाठी असे पंचांग करावे, ह्यावरून त्या घराने त्यास किती समाधान दिले असेल ह्याची कल्पना येते.

त्याच वर्षी मे महिन्यात बाई लंडनला गेल्या असता टॉमस कार्लाइल हा थोर पुरुषांवर व्याख्याने देत होता. ती त्यांनी ऐकली आणि वक्त्याचा चेहरा, हातवारे, अडखळणे व मध्येच पेट घेणे हे सर्व टिपून ठेविले. कार्लाइलच्या घराशी त्यांचा परिचय पुढे वाढत गेला. वर्ड्सवर्थ हा कवी व कोलरिज कवीचा मुलगा हार्टली ह्यांच्याही भेटी त्यांच्या वह्यांत आहेत.

परंतु थोरांच्याच कथा येथे सांगितल्या तर बाईंवर अन्याय होईल. कार्लाइलच्या ओळखीतूनच निघालेली एका गरीब खाणकऱ्याची हकीकत ऐका. कॉर्नवॉलमधील साउथ कॅरेडन खाणीत मायकेल व्हेरन व त्याचा एक सोबती विहिरीसारख्या खोल खड्ड्यात सुरुंग ठासत होते. वात कापण्याच्या खटपटीत ती अवचित पेटली. वरचा गडी एका वेळी एकासच ओढून घेऊ शके. दोघेही दोरास लोंबकळले, पण पाटा हलेना. तेव्हा व्हेरनने दोर सोडून दिला, सोबत्यास वर जावयास सांगितले, आणि आपण मरणाची वाट पाहात खाली बसला. स्फोट झाला, दगड उडाले, परंतु त्या दगडांचाच आडोसा होऊन तो आश्चर्यकारक रीतीने वाचला. ही बातमी वाचून कार्लाइलचे मन हेलावले. हा मनुष्य खरोखर आहे काय ह्याचा शोध करावा म्हणून त्याने फॉक्स भावंडांस लिहिले. त्यांनी शोध केला, हकीकत खरी ठरली, वर्गणी जमविण्यात आली, आणि त्या खाणकऱ्यास शिक्षण घेता यावे अशी तजवीज झाली. वीरपुरुषांवर व्याख्याने देणाऱ्या पंडितास एक खरा वीर खाणीच्या तळाशी सापडला, व तो सापडण्यास फॉल्मथच्या ह्या मित्रांचे साहाय्य झाले.

आता ह्या चरित्रातील दुःखाचा भाग सांगणे प्राप्त आहे. जॉन स्टर्लिंग १८४१ मध्ये कुटुंबासह फॉल्मथ येथेच राहावयास आला. बुद्धिमान, उमदा, वादात आवेशी पण मनाचा निर्मळ असा हा गृहस्थ तिन्ही भावंडांचा जिवलग मित्र झाला. १८४३ च्या एप्रिलमध्ये त्याची पत्नी बाळंतपणानंतर वारली. लहान मुले आईवाचून राहिली, आणि त्याचा स्वतःचा क्षय बळावतच होता. तो वाइट बेटावरील व्हेंटनॉर येथे जाऊन राहिला. पत्नीच्या मृत्यूनंतर त्याने कॅरोलिनबाईंस मागणी घातली.

बाईंच्या मनात त्याच्याविषयी खरा स्नेह होता ह्यात संशय नाही. पण स्टर्लिंग क्वेकर नव्हता, आणि काही काळ पाद्र्याचे काम करून ते सोडून दिल्यावर त्याचे धर्मविचारही पुष्कळ बदलले होते. पंथाबाहेर लग्न करणाऱ्यास त्या काळी क्वेकर मंडळी आपल्यातून काढून टाकीत. हा कडक नियम १८६० च्या सुमारास सैल झाला. घरच्या मंडळींनी विरोध केला. बाईंनी नकार दिला. १८४४ च्या सप्टेंबर महिन्याच्या १८ तारखेस स्टर्लिंग व्हेंटनॉर येथे मरण पावला. बाईंनी त्यानंतर लग्न केले नाही.

ह्या प्रकरणी कोणाचे चुकले हे ठरविण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाही. ज्या पंथाने कॅरोलिनबाईंस खरेपणा, साधेपणा व ऐकण्याची कला दिली, त्याच पंथाच्या नियमाने त्यांच्यापासून एक मोठे सुख दूर ठेविले, एवढे मात्र खरे. आपल्या देशातही जातीच्या व पंथाच्या भिंतींपाशी किती मने अडली असतील, ह्याचा विचार करणाऱ्या वाचकास ही वेदना निराळी करून सांगावयास नको. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, इतरांचा शब्द न् शब्द जपून ठेवणाऱ्या ह्या बाईंच्या छापील रोजनिशीत ह्या मागणीचा उघड उल्लेख नाही. कार्लाइलने १८५१ मध्ये स्टर्लिंगचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यातही ती गोष्ट आली नाही.

पुढील आयुष्य शांत, पण वियोगांनी भरलेले गेले. भाऊ बार्क्ले ह्याचीही प्रकृती खालावली. कोरड्या हवेसाठी तो मिसर देशी गेला आणि १८५५ मध्ये तेथेच वारला. तीन वर्षांनी आई गेली. १८६० मध्ये बार्क्लेची पत्नीही निवर्तली, आणि मुले आईबापांवाचून उघडी पडली. त्यांतील चार मुलांस पेनजेरिक येथील आपल्या घरी आणून आजोबांनी व दोघी अविवाहित आत्यांनी वाढविले. ज्या घरात पूर्वी तत्त्वज्ञांचे संवाद चालत तेथे आता मुलांचे धडे, पडणे-झडणे, आजारपण व खोड्या सुरू झाल्या. चाळिशी उलटलेल्या कॅरोलिनबाईंनी हे ओझे म्हणून नव्हे, आपले कर्तव्य म्हणून पत्करिले. आपणांस जेवढा प्रकाश मिळाला आहे तेवढ्याप्रमाणे आधी चालावे, अधिक प्रकाश मागाहून मिळतो, अशी त्यांची श्रद्धा होती. तारुण्यात मन संशयाने व्याकूळ झाले असता ती त्यांस सापडली होती आणि शेवटपर्यंत त्यांनी ती सोडिली नाही.

मतभेद झाला म्हणून स्नेह तोडावयाचा नाही, हाही त्यांचा एक विशेष. १८५९ मध्ये मिलचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचून बाई अस्वस्थ झाल्या. त्यातील निर्भीड तर्क त्यांस भयंकर वाटला, पण त्याची शक्ती त्यांनी नाकारिली नाही. आपणांस न पटणारे पुस्तक मिटून ठेवणे सोपे असते. बाईंनी ते वाचिले, आपला विरोध प्रामाणिकपणे लिहून ठेविला आणि लेखकाविषयीचा आदर कायम राखिला. शाळेच्या वादविवाद सभेत जे विद्यार्थी भाग घेतात त्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

१८७१ सालच्या जानेवारी महिन्याच्या १२ तारखेस, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, कॅरोलिनबाई परलोकवासी झाल्या. वृद्ध वडील त्यांच्या मागे सहा वर्षे जगले आणि बहीण अ‍ॅना मराया १८९७ पर्यंत हयात होती. बाईंच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी होरेस पिम नावाच्या गृहस्थांनी त्यांच्या रोजनिशीतील व पत्रांतील निवडक उतारे एकत्र करून जुन्या मित्रांच्या आठवणी अशा अर्थाच्या नावाने पुस्तक छापविले. मित्र हा शब्द त्या पंथाचेही नाव असल्यामुळे पुस्तकाचे नाव दोन्ही अर्थांनी शोभले. पुस्तकावर १८८२ हे साल आहे. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, आणि तीत मिलने बार्क्ले ह्यास लिहिलेली चौदा पत्रेही जोडली गेली. जी बाई आयुष्यभर कोपऱ्यात बसून ऐकत राहिली तिचा आवाज आता घरोघरी वाचला जाऊ लागला. आजही मिल, कार्लाइल व स्टर्लिंग ह्यांची चरित्रे लिहिणारे पंडित ह्या पुस्तकाचा आधार घेतात.

ह्या चरित्रापासून काय घ्यावे? बाईंस सवड होती व घरी नोकरचाकर होते, म्हणून त्यांस लिहिणे साधले, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. ट्रेसाव्हीअनच्या शिड्या चढणाऱ्या खाणकऱ्याच्या मुलीजवळ अशी वही नव्हती, आणि असती तरी तीत लिहावयास दिवसाचा वेळ उरला नसता. तिच्या घरी कोण काय बोलले हे आज आपणांस कळण्याचा मार्ग नाही, आणि ही हानी लहान नव्हे. परंतु सवड तर त्या काळच्या हजारो श्रीमंत घरांत होती. त्यांपैकी बहुतेकांची सवड मेजवान्यांत व गप्पांत विरून गेली. कॅरोलिनबाईंनी आपली सवड दुसऱ्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकण्यात आणि ते इमानाने लिहून ठेवण्यात घालविली. बोलणारा थोर असला तर त्याच्या थोरवीने त्या दिपल्या नाहीत, आणि लहान असला तर त्यास तुच्छ लेखिले नाही.

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी मिल किंवा कार्लाइल चहास येणार नाहीत. पण आजोबा आहेत, आजी आहेत. गावात रेल्वे प्रथम आली तो दिवस पाहिलेले, प्लेगच्या किंवा दुष्काळाच्या वर्षाची हकीकत आपल्या वडिलांकडून ऐकलेले वृद्ध कित्येक घरांतून होऊन गेले. त्यांचे बोलणे कोणी लिहून ठेविले नाही, आणि ते आता परत मिळणार नाही. जे आज ओटीवर बसून बोलत आहेत त्यांचे तरी ऐकून घेणे आपल्या हाती आहे. पालकांस आमची विनंती आहे की, मुले वही घेऊन जवळ बसली तर त्यांस अभ्यास सोडून हे काय चालविले आहे असे म्हणून उठवू नये. आणि विद्यार्थ्यांनो, फेब्रुवारीत बंद पडलेली ती वही कपाटाच्या तळाशी अजून असेलच. तिची कोरी पाने पुष्कळ आहेत. आज संध्याकाळी घरातील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ जाऊन बसा, त्यास एक प्रश्न विचारा, आणि तो बोलेल तेवढा वेळ मध्ये न बोलता ऐका. मग जे ऐकले ते, पदरचे काही न घालता, त्याच रात्री लिहून ठेवा.